संगणकीय पृष्ठाचा साचा : रचनाकार व आज्ञावलीकार यांची कामवाटणी

शासकीय सेवेचा अर्ज संगणकाच्या पडद्यावर येतो, तेव्हा त्यामागे दोन भिन्न प्रकारची कामे झालेली असतात. अक्षरांचा आकार, रंग व रकान्यांची मांडणी रचनाकार ठरवितो. भरलेली माहिती तपासून ती योग्य कार्यालयाकडे धाडण्याची व्यवस्था आज्ञावलीकार करतो. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे पृष्ठाचा साचा. साचा म्हणजे काय, हे गणपतीच्या चित्रशाळा असलेल्या गोव्यात निराळे सांगावयास नको. फरक इतकाच की, पृष्ठाच्या साच्यात काही जागा नावे देऊन रिकाम्या ठेवलेल्या असतात व त्या अर्जदारागणिक भरल्या जातात.

रूप आणि व्यवहार वेगळे ठेवावेत, हा विचार जुनाच आहे. ट्रिग्वे रेन्सकाउग या नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञाने 1979 मध्ये तो मांडला होता. तत्त्व सर्वांना मान्य असते. अडते ते सीमारेषा नेमकी कोठे आखावी येथे.

गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी कोकणी ही राजभाषा असून शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. इंग्रजीही व्यवहारात आहेच. साहजिकच एका अर्जाची अनेक रूपे संभवतात. आता तालुक्यांची यादी पाहू. इंग्रजीत डिचोलीचे नाव ‘बिचोलिम’ असे लिहिले जात असल्याने त्या वर्णक्रमात बार्देश पहिला, डिचोली दुसरा व काणकोण तिसरा येतो. मराठीत काणकोण, केपे आणि मग तिसरा डिचोली.

समजा, रचनाकाराने मराठी साच्यात ही नावे वर्णक्रमाने स्वतःच लिहून टाकली आणि आज्ञावलीकाराने निवड ओळखण्यासाठी इंग्रजी यादीतील केवळ अनुक्रमांक धरला. डिचोलीच्या रहिवाशाने तिसरे नाव निवडताच त्याचा रहिवासी दाखल्याचा अर्ज राज्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणच्या मामलेदारांकडे जाईल. पडद्यावर ‘डिचोली’ हेच नाव दिसत असल्याने त्याला शंकाही येणार नाही. दाखल्याअभावी मुलाचा प्रवेश अडला, तरी दोष कोणाचा हे ठरविणे कठीण. कारण दोघांचीही कामे स्वतंत्रपणे पाहता बिनचूक आहेत. गंमत अशी की, पेडणे दोन्ही याद्यांत सहावा आहे. पेडण्याच्या अर्जावर चाचणी घेणाऱ्यास सारे काही सुरळीत भासेल!

यावर उपाय म्हणजे प्रत्येक तालुक्यास कायमचा संकेतांक देणे, आणि नावे व त्यांचा क्रम साच्याबाहेर ठेवणे. 2011 च्या जनगणनेत गोव्याचे 11 तालुके होते. धारबांदोडा धरून ते आता 12 आहेत. यादी साच्याबाहेर असल्यास अशा बदलासाठी एकच नोंद पुरते. अन्यथा प्रत्येक भाषेतील प्रत्येक साचा हुडकावा लागतो.

साच्यात एकही आज्ञा असू नये, असा आग्रह काही जाणकार धरतात. तो अतिरेकी वाटतो. एकच ओळ अनेकदा मांडणे किंवा एखादा रकाना गरजेनुसार लपविणे ही रूपाचीच बाब होय. मात्र शुल्क किती आणि अर्जदार पात्र आहे की नाही, हे साच्याने ठरवू नये. सूचनांतील मराठी शब्दांचीही निराळी यादी असावी, म्हणजे शुद्धलेखनाची दुरुस्ती भाषा जाणणारा कर्मचारी आज्ञावलीस हात न लावता करू शकेल.

प्रत्यक्ष कामास आरंभ करण्यापूर्वी दोघांनी एकत्र बसून रिकाम्या जागांची नावे लेखी निश्चित करावीत. त्यानंतर रचनाकाराने नमुन्याची माहिती भरून पृष्ठ सजवावे व आज्ञावलीकाराने आपले काम समांतर चालवावे. चाचणीसाठी डिचोलीसह बार्देश व तिसवाडी हे तालुके अवश्य घ्यावेत. इंग्रजी यादीत पहिला असलेला बार्देश मराठीत आठवा येतो, तर शेवटचा तिसवाडी चौथा.