आईची साखर सांभाळताना

१. साखर फक्त जाड माणसांना होते, हा समज आधी टाका. माझी आई शहाद्याकडच्या शेतात जन्मभर राबली, अंगाने काटक. तिला मधुमेह निघाला तेव्हा भावकीत कुणाला पटेना. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात याचं उत्तर सापडतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपली बाळं स्नायूंत कमी पडत होती, चरबीत तितकी नाही. आणि जेवणातली साखर सर्वात जास्त शोषतात ते स्नायूच.

२. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर साखर असते. रेशनच्या तांदळाचा ताटभर भात तिच्या कितीतरी पट साखर आत सोडतो. ती आवरायला स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं, साखर स्नायूंत आणि यकृतात भरतं आणि तेवढा वेळ साठलेली चरबी बाहेर पडू देत नाही. शरीर आधी साखर जाळतं, जेवणातलं तेल साठवून ठेवतं. रोजच जास्त झालं, तर यकृत साखरेचीही चरबी करू लागतं. तरी सगळा दोष इन्सुलिनवर टाकणं मला पटत नाही. गरजेपुरतं खाणाऱ्याच्या अंगावर ते चरबी चढवत नाही.

३. "ज्वारी चालते" म्हणून चार भाकरी चालत नाहीत. भाकरीही पिष्टच आहे. आईच्या जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी आम्ही बोट टोचून पाहायचो. भात आणि पातळ वरणावर आकडा चढायचा. कळण्याची एक भाकरी, अंबाडीची भाजी आणि घट्ट डाळ असली की बराच खाली राहायचा. कळण्यात ज्वारीसोबत उडीद असतो; त्यातली प्रथिनं आणि भाजीतला चोथा यांमुळे साखर सावकाश रक्तात उतरते. भाजी-डाळ आधी खाल्ली तर आणखी बरं.

४. जेवल्यावर थोडं चालावं. काम करणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढतात.

५. हे आपल्या शहाद्याकडच्या भागात प्रत्येकाला ठाऊक हवं. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल बराच आहे. "तीन महिन्यांची साखर" सांगणारी एचबीएवनसी तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची त्याच्या कितीतरी आधी मरते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही अहवाल चांगला दिसू शकतो. घरात सिकलसेल असेल, नुसते वाहक असाल तरीही, डॉक्टरांना सांगा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासायला लावा. उपाशीपोटी 126 किंवा जास्त आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी.

६. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी एकदम तोडू नका. साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या, आणि शेतात जाताना पिशवीत ग्लुकोजची पुडी असू द्या.