टाकीतला पांढरा साका

निफाड-पिंपळगाव पट्ट्यातून सध्या एकच तक्रार येते आहे: ऐन मणी फुगवणीत ड्रिपर बंद पडतात. छाटणी, विरळणी तुम्हाला शिकवायची गरज नाही. खताच्या टाकीच्या तळाशी काय बसलंय, ते मात्र आधी ओळखा.

नुसतं न विरघळलेलं खत असेल तर घाबरू नका. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात ०:०:५० जेमतेम ११० ग्रॅम विरघळतं. पाणी शून्याजवळ गेलं की ७५ ग्रॅमच्या आसपास. १३:०:४५ तेवढ्या थंडीत निम्म्यानेही विरघळत नाही, वर ते विरघळताना पाणी आणखी गार करतं. पाणी वाढवा, पहाटेऐवजी दुपारी कालवा. काम झालं.

खरी डोकेदुखी दुसऱ्या साक्याची. कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ वेगवेगळे सहज विरघळतात. एका टाकीत आले की कॅल्शियम फॉस्फेटला धरतो आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारा पदार्थ तयार होतो. ०:०:५० मधल्या सल्फेटशी गाठ पडली तर जिप्सम. ते लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. तासगावकडच्या एका बागायतदाराने असं दुधाळ पाणी पाहून त्यात गरम पाणी ओतलं, अर्धा दिवस ढवळलं, मग माल भेसळीचा म्हणून दुकानदाराशी भांडण काढलं. माल चोख होता. शेवटी धोतराच्या फडक्याने गाळून ते पाणी सोडलं. फडक्यात राहिलं ते त्यांच्याच पैशाचं खत, आणि खाली गेलं ते ड्रिपरमध्ये बसलं.

बोअरचं पाणी जड असेल, हंड्याला पांढरं किटण धरत असेल, तर कॅल्शियम आधीच पाण्यात आहे. म्हणून नवं मिश्रण आधी काचेच्या बाटलीत, त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात करून दोन तास ठेवा. गढूळ झालं तर टाकीत नको. कॅल्शियम नायट्रेट स्वतंत्र दिवशीच सोडा, मध्ये साध्या पाण्याने लाइन धुऊन घ्या.

ड्रिपर टाचणीने टोकरणं, दगडावर आपटणं आता थांबवा. भोक मोठं होतं आणि शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. टाकीत गूळ-ताक ओतणाऱ्यांना तर काय म्हणावं! त्याने आत जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो, त्यावर ॲसिड चालत नाही, क्लोरीन लागतं. ही दोन्ही एकत्र कधीच करू नका. विषारी वायू सुटतो.

क्षार साचले असतील तर ॲसिड सोडा, लॅटरलच्या टोकाला सामू ४ येईपर्यंत. २४ तास तसंच ठेवा, मग टोकं उघडून स्वच्छ पाणी येईस्तोवर धुवा. हातमोजे, चष्मा हवाच. ॲसिड पाण्यात ओतायचं. पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही.