पंगतीआधी वॉर्ड ऑफिस

ऐरोलीत आमचा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एक गट आहे. नोंदणी नाही, पाटी नाही. उन्हाळ्यात पाणपोई, सणावाराला स्टेशनबाहेर जेवण, कुठे पूर आला की शिधा आणि चादरी, एवढाच पसारा. पण दरवेळी कोणीतरी विचारतोच, "परवानगी काढलीत का?" कधी हवालदार विचारतो, कधी समोरचा दुकानदार. या प्रश्नाशी झुंजता झुंजता माझं मत पक्कं झालं आहे. देण्याला परवानगी लागू नये. देण्याच्या निमित्ताने रस्ता, आग, गर्दी किंवा लोकांचा पैसा हाताशी घेतला, तर मात्र आधी कळवलंच पाहिजे.

१. हातातून हातात जे जातं, तिथे सरकारने मधे येऊ नये

२०२०च्या टाळेबंदीत ठाणे-बेलापूर रस्त्याने माणसं गावाकडे चालत निघाली होती. डोक्यावर गोणी, कडेवर पोर. आम्ही घराघरातून पोळ्या गोळा करायचो, आत बटाट्याची सुकी भाजी घालून कागदात गुंडाळायचो. पहिल्याच दिवशी नाक्यावर पोलिसाने अडवून पास मागितला. आम्ही काही बोलणार, तोच एक बाई रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. त्या पोलिसानेच आमच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि तिच्या तोंडाला लावली. पास राहिला बाजूला. पुढे तोच आम्हाला सांगू लागला, "रबाळ्याला पुलाखाली माणसं बसलीत, आधी तिकडे जा."

कायदा मात्र त्या पोलिसाइतका समजूतदार नाही. मुंबईचा १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये त्यातली ती कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे कायदा राहिला. इंदूरने तर त्याही पुढची पायरी गाठली. १ जानेवारी २०२५पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल करण्याचा आदेश तिथल्या प्रशासनाने काढला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल शहरात २०१४ साली अर्नॉल्ड अ‍ॅबट नावाच्या नव्वदीच्या गृहस्थांना बेघरांना उघड्यावर जेवू घातल्याबद्दल पोलिसांनी पकडलं होतं. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका गटाच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८मध्ये सांगितलं की, बागेत सर्वांसोबत अन्न वाटून खाणं हेही आपलं म्हणणं मांडणंच आहे आणि त्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे. मला हा निकाल मनापासून पटतो. उपाशी माणसाला चारचौघांत जेवू घालणारा, हा माणूस आपल्यातलाच आहे, हेही सगळ्यांना सांगत असतो.

२. चूल पेटली की अग्निशमनवाल्याला बोलवावं

मंडप घालायचा तर महापालिकेचं विभाग कार्यालय, वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस ठाणं आणि अग्निशमन दल, असा फेरा असतो. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये रस्ते अडवणाऱ्या मंडपांबद्दल कडक निकाल दिला, तेव्हापासून हे जास्त काटेकोर झालं. पुष्कळांना जाच वाटतो. मला वाटत नाही. एका वर्षी आचाऱ्याने शेगडी मंडपाच्या पडद्याला जवळजवळ चिकटवून मांडली होती. अग्निशमनचा माणूस आला, त्याने पडदा चिमटीत धरून पाहिला, नायलॉनचा. काही न बोलता शेगडी स्वतः ओढून मोकळ्यावर नेली, आडवा पडलेला सिलिंडर उभा केला, नळी वाकवून चिरा पाहिल्या आणि वाळूच्या दोन बादल्या आल्याशिवाय काडी ओढू दिली नाही. असा माणूस येणार असेल, तर मी हव्या तितक्या अर्जांवर सही करीन.

३. माणसं बोलावलीत, तर ती घरी नीट पोचेपर्यंत तुमची

फुकट वाटपाच्या गर्दीत किती माणसं मेली आहेत, हे दान करणाऱ्याने माहीत करून घ्यावं. एप्रिल २००४मध्ये लखनौला साडीवाटपात वीसहून जास्त बायका चिरडल्या गेल्या. डिसेंबर २००५मध्ये चेन्नईत पूरग्रस्तांच्या मदतीच्या रांगेत ४२ जण. मार्च २०१०मध्ये उत्तर प्रदेशात कुंडा इथल्या आश्रमात भांडी आणि कपडे वाटताना ६३ जण, त्यांत बायका आणि मुलंच फार. या सगळ्या ठिकाणी देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

आणि परवानगीच्या कागदाने हे टळतं असंही नाही. १६ एप्रिल २०२३ला इथूनच जवळ, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. कार्यक्रम खुद्द राज्य सरकारचा, म्हणजे परवानग्या कमी पडल्या असतील असं कोणी म्हणणार नाही. उष्माघाताने १४ जण गेले. तिथे हवी होती सावली, पाणी आणि सकाळची लवकरची वेळ. म्हणून अर्जावर सावली कुठे, पाणी किती, बाहेर पडायच्या वाटा किती, जवळचं रुग्णालय कोणतं, हे विचारावं. आमच्याकडून आजवर मागितले गेले ते आधार कार्ड आणि अध्यक्षाचा फोटो.

४. भगर, खीर, दही टाळा

फेब्रुवारी २०२४मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून बाहेर दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो पाहिल्यापासून आमच्या यादीतून भगर गेली, दुधाचं सगळं गेलं. पुरी, सुकी उसळ, लिंबू, आणि भात केला तर दोन तासांत संपेल एवढाच. महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनी नोंदणी करावी असं अन्न आणि औषध प्रशासन सांगतं. आम्ही केली तेव्हा वर्षाचे शंभर रुपये पडले. त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही.

५. पैसे गोळा करताय? मग परवानगीच घ्या

इथे मी नुसतं कळवण्यावर थांबणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१-क लोकांकडून वर्गणी गोळा करण्याबद्दल आहे. नोंदणी नसलेली गणेश मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून ठरावीक मुदतीची परवानगी काढतात ती त्याखालीच. ते योग्यच आहे. २०१९चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१चा महाड-चिपळूणचा, दोन्ही वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोडचा पाऊस पडला. कोण गोळा करतंय, कुठल्या खात्यात, शिल्लक राहिली तर कुठे जाणार, काही पत्ता नाही. आम्ही त्यामुळे पैसे घेतच नाही. तांदूळ द्या, तेल द्या, चादर द्या, ती नवी द्या. पूरग्रस्ताला आपल्या माळ्यावरचं जुनेर पाठवायचं नाही.

६. मुक्या जिवांचा घास, आणि शेजाऱ्याची छाती

दादरचा कबुतरखाना २०२५मध्ये बंद झाला आणि वाद उच्च न्यायालयात रंगला. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबई महापालिकेने कबुतरांना दाणे घालायला तात्पुरत्या चार जागा ठरवल्या. त्यांतली एक आमच्या पुलापलीकडे, ऐरोली-मुलुंड जकात नाक्याची. वेळ सकाळी सात ते नऊ, आणि देखभाल संस्थेने करायची.

दाणे घालणाऱ्यांची श्रद्धा मी खोटी मानत नाही. पण कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि तो घास घालणाऱ्यालाच होईल असं नाही. वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या आजोबांनाही होतो. ज्या दानाचा खर्च तिसऱ्याच माणसाच्या अंगावर पडतो, तिथे जागा, वेळ आणि साफसफाई ठरवण्याचा सरकारला पुरता हक्क आहे. फक्त जागा ठरवताना तिथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही विचारावं.

७. कागद दामाजीला आडवा येऊ नये

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं न विचारता उघडली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि दामाजीलाच हात जोडतो. आजचे दामाजी मात्र अर्ज घेऊन उभे असतात, आणि परवानगीबद्दल माझी मोठी तक्रार ही, की ती वजन पाहून मिळते. वाढदिवसाचे फलक लावून वह्या वाटणाऱ्याच्या अर्जावर दुपारपर्यंत शिक्का बसतो. चिंचपाड्यातल्या बायकांना मात्र सणाला वस्तीतल्या मुलांसाठी खिचडी शिजवायची होती, तर एका कार्यालयाने सांगितलं, आधी पोलिसांचं आणा. पोलिसांनी सांगितलं, आधी तिकडचं आणा. सण होऊन गेला. तांदूळ त्यांनी घरोघर वाटून टाकले.

म्हणून आमचा गट आता कोणाचंही काम असो, एकच पान लिहून देतो. किती माणसं, किती वेळ, काय शिजणार, चूल कुठे, पाणी किती, कचरा कोण उचलणार, कोणाच्या फोनवर बोलायचं. मागणी एवढीच आहे की हे पान एकाच खिडकीवर घ्यावं आणि पोच द्यावी. हरकत असेल तर ४८ तासांत कारण लिहून कळवावी. तसं काही आलं नाही, तर पोचेलाच परवानगी धरावी. चिंचपाड्याच्या त्या बायका यंदा पुन्हा शिजवणार आहेत. त्यांचं पान लिहून झालं आहे, सोमवारी विभाग कार्यालयात द्यायचं आहे.