आधी साखळ्या, मग विचारपूस

वाचन : प्रेषितांची कृत्ये २१:३०-४०, २२:२५-२९

यरुशलेमेत जमाव पौलाला मारीत असता रोमी सरदार शिपायांसह धावून आला. त्याने प्रथम पौलाला दोन साखळ्यांनी बांधविले आणि मग हा कोण, अशी चौकशी केली. चार हजार माणसे रानात नेणारा मिसरी बंडखोर तो हाच, असा त्याचा समज होता. पौल ग्रीक भाषेत बोलू लागताच तो चकित झाला. पौल तर जन्माने यहूदी, तार्स नगराचा रहिवासी आणि रोमी नागरिकही होता. सरदाराच्या मनात त्याची एकच ओळख होती, आणि तीही चुकीची!

१. आपल्यावर बसलेला शिक्का

हा अनुभव आपणास नवा नाही. 'बॉबी' (१९७३) मधील गोव्याचा ब्रॅगांझा आणि 'ज्युली' (१९७५) मधील अँग्लो-इंडियन इंजिनचालक मॉरिस या दोघांच्याही हाती मद्याचा पेला आहे. अशा अनेक पात्रांतून ख्रिस्ती माणसाचा एक ठरावीक साचा तयार झाला : झगा, गिटार, बाटली आणि मोडकी हिंदी. म्हणूनच रेव्ह. ना. वा. टिळकांचा वारसा सांगणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही, "तुमचे मराठी फार छान आहे हो!" अशी शाबासकी मिळते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; पण आपण परके आहोत, हे त्याने गृहीत धरलेले असते.

२. आपण मारलेला शिक्का

आता आरसा आपल्याकडे वळवू या. २०११ च्या जनगणनेनुसार नागालँड, मिझोराम व मेघालय या राज्यांत ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. तरीही तेथील तरुण आपल्या शहरात, कदाचित आपल्या मंडळीतही आला, तर "तू नेपाळचा की चीनचा?" असे आपण सहज विचारतो.

'चक दे! इंडिया' (२००७) या चित्रपटाने हे दुःख नेमके टिपले आहे. मणिपूर व मिझोरामच्या खेळाडूंना त्यात स्वदेशातच 'पाहुण्या' म्हटले जाते. मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांनी २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये भारतासाठी कांस्यपदक मिळविले. पण २०१४ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा मुख्य भूमिका प्रियांका चोप्रा यांना मिळाली. त्यांच्या परिश्रमांविषयी तक्रार नाही. परंतु ईशान्येची कथा चालली, ईशान्येचा चेहरा मात्र नायिका म्हणून चालला नाही, ही खंत उरतेच.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या एका विद्यार्थ्याच्या रूपाची टवाळी झाली. तंटा वाढला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. थट्टा कोठवर जाऊ शकते, हे यावरून कळते.

३. सरदाराकडून घेण्याजोगा धडा

सरदार चुकला खरा. पण त्याने पौलाला बोलू दिले. तो रोमी नागरिक आहे हे कळताच, आपण त्याला बांधविले याचे त्याला भय वाटले. आपणही समोरच्या माणसाला स्वतःची ओळख स्वतः सांगू द्यावी. साखळ्या लोखंडाच्याच असतात असे नाही. एखादे टोपणनावही माणसाला जखडून ठेवते.

मननासाठी प्रश्न

१. चित्रपटातील कोणते पात्र पाहून आपण एखाद्या समाजाविषयी मत बनविले?
२. आपल्या मंडळीत येणाऱ्या परप्रांतीय बंधुभगिनींची नावे आपणास ठाऊक आहेत काय?
३. या आठवड्यात त्यांच्यापैकी कोणाला आपण घरी जेवावयास बोलवाल?