सागाची पहिली पालवी जपा

पावसाने जोर धरला की सागाला मोठमोठी कोवळी पाने फुटतात. शेतकऱ्याचा जीव तेव्हा पेरणीत गुंतलेला असतो. कापूस, सोयाबीन, भाताची रोपवाटिका यांतून बांधावरच्या सागाकडे बघायला सवड मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास मात्र सागाची पाने जाळीदार होऊन तपकिरी पडतात, झाड जळाल्यासारखे दिसते आणि ‘कोणते औषध मारू?’ म्हणून धावपळ सुरू होते. ज्या किडीने लाकूड घटते ती तोवर येऊन गेलेली असते, आणि डोळ्यांना दिसणारी कीड लाकडाचे फारसे नुकसान करत नाही. म्हणून सागासाठी थोडा वेळ राखायचा असेल, तर तो जून-जुलैमध्ये राखावा.

सागाची पाने खाणाऱ्या दोन अळ्या आपल्याकडे महत्त्वाच्या आहेत. पहिली पाने फस्त करणारी अळी, शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. हिच्या पतंगाचे पुढचे पंख मळकट राखी-तपकिरी असतात. तो पंख मिटून बसला की वाळलेल्या पाल्यात दिसतच नाही. उडाला की मागच्या पंखांवरचे काळे-नारिंगी पट्टे चमकतात. मादी कोवळ्या पानांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. अळी लहान असताना पानाचा पृष्ठभाग खरवडते. थोडी मोठी झाली की पानाची कड कातरते, ती दुमडून रेशमी धाग्याने शिवते आणि त्या घडीत लपून राहते. कोवळे पान ती सगळे खाते, जून पानाच्या फक्त जाड शिरा सोडते. अळीचे आयुष्य जेमतेम दहा-बारा दिवसांचे. मग ती धाग्यावरून खाली उतरते, पाल्याखाली किंवा मातीच्या वरच्या थरात कोश करते आणि आठवडाभरात पतंग बाहेर पडतो. त्यामुळे सोमवारी हिरवेगार दिसलेले झाड पुढच्या आठवड्याअखेर उघडेबोडके दिसू शकते.

दुसरी पानांची जाळी करणारी अळी. ही कोवळ्या पानांच्या मागे लागत नाही. ऑगस्टनंतर, विदर्भात तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ती जून पानावर पातळ जाळे विणून त्याखाली राहते आणि शिरांमधला हिरवा भाग खाते. शिरांची जाळी तशीच टिकते, म्हणून लांबून झाड करपलेले दिसते.

या दोन किडींच्या नुकसानीतला फरक केरळमधल्या निलंबूरच्या सागात मोजला गेला आहे. निलंबूर सागाच्या लागवडीसाठी जुन्या काळापासून नावाजलेले. तिथली पहिली लागवड 1840च्या दशकातली. केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या चार ते नऊ वर्षे वयाच्या सागाचे काही तुकडे किडीपासून राखले, काही तसेच सोडले. राखलेल्या झाडांनी वर्षाला हेक्टरी सरासरी 6.7 घनमीटर लाकूड धरले, न राखलेल्यांनी 3.7. मिळू शकणाऱ्या वाढीपैकी 44 टक्के वाढ पाने फस्त करणाऱ्या अळीने गिळली होती. पानांची जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षात घेण्याजोगी घट आढळली नाही. कारण सरळ आहे. सागाचा घेर मुख्यतः पावसाळ्यात वाढतो. जून-जुलैत पाने गेली, तर साठवलेले अन्न खोडाला न मिळता नवी पालवी फोडण्यात खर्ची पडते. ऑक्टोबरपर्यंत वर्षाची वाढ बहुतेक होऊन गेलेली असते आणि ती पाने पुढे गळणारच असतात.

सूचिपर्णी जंगलात हे गणित फार क्रूर असते. पूर्व कॅनडातल्या फर आणि स्प्रूसच्या जंगलांवर कोवळे कोंब खाणारी एक अळी साधारण तीस-चाळीस वर्षांनी उसळते आणि तिचा जोर वर्षानुवर्षे टिकतो. फरच्या सुया झाडावर अनेक वर्षे राहतात, त्याच त्याचे भांडवल असतात. दरवर्षी नवे कोंब खाल्ले गेले आणि जुन्या सुयाही संपल्या की चार-पाच वर्षांत झाड मरते. असे मैलोन्‌मैल जंगल वाळून गेलेले आहे. साग दर उन्हाळ्यात पाने झाडतो आणि मुळांत-खोडात अन्न राखून असतो, म्हणून पाने गेली तरी तो मरत नाही. पण न मेल्यामुळेच त्याचे नुकसान कोणाच्या नजरेत भरत नाही. दरवर्षी थोडा थोडा घेर हुकत जातो आणि विकायच्या वेळी झाड वयाच्या मानाने बारीक भरते. माझ्या मते आपल्याकडच्या खासगी सागाला ‘वाढच नाही’ म्हणून जो दोष दिला जातो, त्यात दाट लागवड आणि हलकी जमीन यांच्याबरोबर या अळीचाही वाटा धरायला हवा.

प्रत्यक्ष काय करायचे? पहिली पालवी फुटल्यापासून ऑगस्ट अर्धा होईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी सागातून एक फेरी मारा. पानांच्या कडा दुमडलेल्या आहेत का, पानांवर बारीक भोके आहेत का ते बघा. झाडाखालच्या पाल्यावर काळपट दाण्यांसारखी विष्ठा दिसली, तर वर अळ्या आहेत हे नक्की. किडीचा मोठा उद्रेक सहसा लहान ठिगळांत सुरू होतो आणि मग पतंग दूरवर पसरतात. म्हणून शेताच्या एकाच कोपऱ्यावरून अंदाज बांधू नका, सगळा तुकडा फिरा.

झाडे डोक्याएवढी किंवा थोडी उंच असतील आणि अळ्या अजून लहान असतील, तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून नीट गाळा, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण द्रावण 100 लिटर करा. संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा बसू द्या. फवारल्यावर लगेच सर आली तर अर्क धुऊन जातो आणि पुन्हा फवारावे लागते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूंचे कीडनाशकही लहान अळ्यांवर चालते. मात्रा वेष्टनावर दिल्याप्रमाणे घ्या. मात्र शेजारी तुतीचा मळा किंवा ऐनावर टसरचे किडे असतील, तर ते अजिबात वापरू नका. रेशमाचा किडाही अळीच असतो आणि त्या जिवाणूने तोही मरतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसर उत्पादकांच्या जवळ साग असलेल्यांनी हे कायम ध्यानात ठेवावे.

उंच सागावर रासायनिक औषध मारू नका. पाठीवरच्या पंपाने शेंडा भिजत नाही, औषध वाऱ्याने अंगावर आणि शेजारच्या विहिरीवर येते, आणि अळीला खाणाऱ्या-पोखरणाऱ्या परोपजीवी माश्या आणि गांधीलमाश्या आधी मरतात. रोपवाटिकेत प्रादुर्भाव फारच वाढला, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच औषध निवडा. अळ्यांना विषाणूचा रोगही होतो. रोगट अळी मऊ, पिचपिचीत होऊन पानाला लोंबकळत मरते. निलंबूरला याच विषाणूचा वापर करून उद्रेक आवरण्याचे प्रयोग झाले आहेत. अशा लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या, तर त्या वेचून फेकू नका, फवारणीही थांबवा. रोग पसरू द्या.

कोंबड्या असतील तर अळ्या खाली उतरण्याच्या दिवसांत त्यांना सागाखाली सोडा, त्या पाला उकरून कोश टिपतात. जावा बेटावर तर गावकरी हेच कोश गोळा करून खातात. मैना, कोतवाल आणि कावळे झाडांवर गोळा झाले, तर त्यांना हुसकावू नका. निर्गुडीवरही ही अळी जगते, म्हणून बांधावरची निर्गुडी तोडावी का असे काही जण विचारतात. पतंग दूरवरून येऊ शकतात, तेव्हा तेवढ्याने सागाची सुटका होत नाही. ठाणे-मुंबईच्या खाडीकाठी तिवरांची पाने पावसाळ्याअखेर खाऊन टाकणारी अळीदेखील हीच. तिवरेही काही आठवड्यांत पुन्हा पालवतात. तिथे तर फवारणीचा विचारच करू नये, खाडीचे पाणी आणि मासळी दोन्ही त्या झाडांखाली असतात.

पाने एकदा गेली की घाईने युरिया टाकू नका. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते आणि त्याच पालवीवर पुढची पिढी अंडी घालू शकते, म्हणून फेऱ्या चालू ठेवा. वारंवार पाने गेलेल्या कोवळ्या झाडाचा शेंडा कधी कधी वाळतो, खोडावर धुमारे फुटतात आणि झाड दुबेळके होते. असे खोड इमारती लाकडाला कमी भाव आणते. थंडीत प्रत्येक झाड बघून सरळ आणि जोमदार शेंडा एकच ठेवा, बाकीचे धुमारे धारदार कात्रीने खोडालगत, साल न फाटू देता काढा. गळलेला पाला पेटवू नका, खड्ड्यात कुजवा. यंदा नव्या सागजड्या लावणार असाल, तर सलग सागच न लावता मधून दुसऱ्या जातीची झाडे, बांबू, करंज, कडुनिंब घाला. कडुनिंबाची निंबोळी पुढे फवारणीलाही उपयोगी पडेल.