एका दिवसाचं फूल, महिनाभराचा बहर

प्रश्न : मागच्या वर्षी रोपवाटिकेतून ‘डे लिली’ म्हणून एक रोप आणलं. यंदा एप्रिलमध्ये केशरी फूल आलं. सकाळी पाहून हरखून गेले, रात्री बघते तर मलूल. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलली, तिचीही तीच गत. पाणी कमी पडतंय की ऊन जास्त होतंय? आणि इतकं कमी टिकणाऱ्या फुलासाठी गच्चीतली एक कुंडी अडवून ठेवावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाणीही बरोबर आहे आणि ऊनही. डे लिलीचं फूल एकच दिवस टिकतं. जास्वंदही सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते, पारिजातकाचा तर पहाटेच सडा पडतो. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. डे लिलीच्या नावात ‘लिली’ असल्यामुळे आपण तिच्याकडून फुलदाणीत आठवडाभर टिकणाऱ्या लिलीची अपेक्षा धरतो, एवढंच.

फूल इतक्या लवकर का मावळतं, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. कार्नेशनसारखी फुलं स्वतःच तयार केलेल्या इथिलीन वायूमुळे कोमेजतात. पिकलेल्या केळ्यांतून निघतो तोच हा वायू. त्याचा परिणाम रोखणारी रसायनं वापरून फूलवाले अशी फुलं जास्त दिवस टिकवतात. डे लिली इथिलीनला दाद देत नाही. पाकळी कधी मोडायची, हे तिच्या पेशींमध्ये आधीच ठरलेलं असतं. वेळ झाली की पेशी स्वतःतले प्रथिनांसारखे घटक मोडू लागतात आणि त्यातला बराचसा माल झाड परत ओढून घेतं. म्हणूनच ही क्रिया समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी डे लिलीवर पुष्कळ काम केलं आहे. तेव्हा पाण्यात साखर घाला, ॲस्पिरिन टाका, फूल रात्रीपुढे फारसं टिकणार नाही.

सगळ्याच डे लिली सकाळी उमलतात असंही नाही. जपानात दोन जंगली जाती जवळजवळ वाढतात. केशरी जात सकाळी उमलते आणि तिच्यावर मोठी फुलपाखरं येतात. फिकट पिवळी, सुवासिक जात संध्याकाळी उमलते आणि तिच्यावर रात्री उडणारे पतंग येतात. गिऱ्हाईक कोण, त्यावर दुकान उघडायची वेळ ठरलेली.

आता कुंडीचा हिशेब. एका दांड्यावर दहा-पंधरा, चांगल्या वाणात त्याहून जास्त कळ्या असतात आणि त्या एकामागून एक उमलतात. गड्डा दोन-तीन वर्षांचा झाला की एकाच वेळी तीन-चार दांडे निघतात, तेही पुढे-मागे. म्हणजे फूल एका दिवसाचं असलं तरी बहर तीन-चार आठवडे चालतो. कुंडी अडवून ठेवण्यासारखा हा सौदा नक्कीच आहे. फक्त रोज सकाळी आदल्या दिवसाची मलूल फुलं खुडायची. तशीच राहिली तर काही वाणांना शेंगा धरतात आणि झाडाची ताकद तिकडे जाते. दांड्यावरची शेवटची कळी संपली की दांडा बुडापासून कापा.

पण रोप खरोखर डे लिलीच आहे ना? आपल्याकडे रोपवाटिकांत ‘लिली’ हे नाव फार सैल वापरतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर फुलणारी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडू धरणारी फुटबॉल लिली, लांब पांढऱ्या पाकळ्यांची स्पायडर लिली, सगळ्या एकाच रांगेत मांडलेल्या असतात. ओळखायची सोपी खूण अशी : डे लिलीची पानं गवतासारखी लांब असतात आणि जमिनीलगत पंख्यासारखी समोरासमोर निघतात. मातीखाली कांदा नसतो. जाडसर मुळं असतात, काहींना शतावरीच्या मुळांसारखे फुगवटे. खरी लिली मात्र खवल्याखवल्यांच्या कंदातून येते आणि तिच्या उभ्या खोडावर वरपर्यंत पानं असतात. वनस्पतिशास्त्रानेही आता दोघींची कुळं वेगळी केली आहेत. डे लिली कोरफडीच्या कुळात बसते.

लागवडीत एकच गोष्ट जपायची, ती म्हणजे निचरा. हे झाड उन्हाळा सोसतं, दोन दिवस पाणी चुकलं तरी रुसत नाही, पण उकाडा आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की मुळं-पानं जुळतात तो भाग कुजतो. कोकणात कुंडी विटांवर उचलून ठेवा. काळ्या मातीत लावायचं असेल तर गादीवाफा करा, मातीत शेणखत आणि जाड वाळू मिसळा. लावताना मुळं-पानं जुळतात तो भाग मातीखाली जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर राहील असं पाहा; खोल पुरलेलं झाड नुसती पानं काढत बसतं. नत्राचं खत जास्त झालं तरी तेच. सहा तास ऊन हवं, पण गडद लाल आणि जांभळ्या फुलांचा रंग दुपारच्या उन्हात करपतो, त्यांना सकाळचं ऊन द्या. पानांखाली मावा आला तर पाण्याची जोरदार फवारणी बहुधा पुरते. पानांवर नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

तीन-चार वर्षांनी फुलं कमी झाली की गड्डा दाटला असं समजा. पावसाळा संपल्यावर तो उकरा, पानं वीतभर ठेवून छाटा, दोन-तीन पंख्यांचे भाग करून पुन्हा लावा. भर पावसात हे काम नको. बियांपासून रोप होतं, पण संकरित वाणाचं बी आईसारखं निघत नाही.

प्रश्न : इंटरनेटवर हजारो रंगांच्या डे लिली दिसतात. इथे मात्र केशरी आणि पिवळीच का मिळते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मूळ जाती चीन, कोरिया आणि जपानच्या, आणि त्यांचे रंग मुख्यतः पिवळा आणि केशरी. बाकीची रंगपेटी माणसाने बनवली. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो बर्डेट स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीर संकर केले. 1934 मध्ये त्यांचं डे लिलीवरचं पुस्तक आलं. पुढे अमेरिकेतल्या हौशी बागकामवाल्यांनी हा छंद असा उचलला की आज नोंद झालेल्या वाणांची संख्या 80 हजारांच्या पुढे आहे. गुणसूत्रं दुप्पट करून मोठी फुलं मिळवायला त्यांनी कोल्चिसिन वापरलं. आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीत असतं तेच हे विष.

इथे एक सावधगिरी. सगळ्यात गाजलेला वाण म्हणजे 1975 मध्ये नोंदला गेलेला बुटका पिवळा ‘स्टेला द ओरो’. तो थंडीत पानं टाकून झोपणाऱ्या गटातला आहे. महाबळेश्वरला कदाचित रमेल. विदर्भात किंवा मुंबईत मी त्यावर पैसे घालणार नाही. आपल्याकडे सदाहरित गटातला वाण मागा आणि शक्यतो फुलावर असलेलं रोप डोळ्यांनी पाहून घ्या. फोटो चिकटवलेल्या झोपलेल्या रोपावर विश्वास नको.

प्रश्न : या फुलांची भाजी करतात म्हणे. खरं का? आणि घरात मांजर आहे, काही धोका?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चीनमध्ये कळ्या उमलण्याआधी खुडून, वाफवून वाळवतात आणि सूपमध्ये, भाजीत घालतात, शान्सी प्रांतातल्या दातोंगला त्याची मोठी शेती आहे. पण तिथे खाण्याची जात ठरलेली असते. कच्च्या कळ्या पोट बिघडवतात, रोपवाटिकेतल्या झाडावर कोणती फवारणी झाली ते आपल्याला ठाऊक नसतं आणि ‘लिली’ म्हणून विकली जाणारी इतर बरीच झाडं विषारी आहेत. तेव्हा भाजी नको.

मांजराचं उत्तर त्याहून सरळ आहे. डे लिली आणि खरी लिली, दोन्ही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पान चावलं किंवा अंगावर पडलेले पराग चाटले तरी धोका आहे. तसं झाल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच तासात पशुवैद्याकडे न्या. घरात मांजर असेल तर डे लिली लावूच नका, जास्वंद लावा.