मोटारीची धडक बसल्यावर सायकलस्वाराने काय करावे?

गारपिटीने पीक आडवे झाले तर पंचनामा होईपर्यंत आपण त्यास हात लावीत नाही. परंतु हमरस्त्यावर मोटारीने सायकलीस धडक दिली म्हणजे तोच सावध शेतकरी धूळ झटकतो, मोटारवाल्याने पुढे केलेल्या चार नोटा घेतो व घरची वाट धरतो. आमच्या परिचयाचे एक बागाईतदार बाजाराहून परतताना असेच पाचशे रुपये घेऊन आले. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला व हाड मोडल्याचे निघाले. मोटारीचा क्रमांक कोणी टिपला नव्हता. सर्व खर्च त्यांच्याच पदरी पडला. रस्त्यावरची तडजोड ती अशी महाग पडते.

प्रथम जीव सांभाळावा. डोक्यास वा मानेस मार असल्यास जखमी मनुष्यास ओढून उठवू नये. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका व 112 वर पोलीस बोलवावे. मार मुका असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जावे व मोटारीची धडक बसल्याचे डॉक्टरांकडून लिहवून घ्यावे. 2025 सालच्या सरकारी योजनेप्रमाणे ठरावीक रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळतो.

दुसरे, पुरावा. सर्वांआधी मोटारीचा क्रमांक टिपावा. शक्य तर मोटार, सायकल व चाकांचे ओरखडे यांची छायाचित्रे घ्यावी, दोन साक्षीदारांची नावे लिहून ठेवावी. हुज्जत घालू नये व कोणत्याही कागदावर सही करू नये. पंचनाम्यापूर्वी सायकल दुरुस्तीस टाकू नये.

तिसरे, ठाण्यात फिर्याद द्यावी व तिची नक्कल मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. हद्दीची सबब सांगून फिर्याद नाकारता येत नाही.

चौथे, भरपाई. सायकलीस विमा नसला तरी आपला हक्क बुडत नाही, कारण दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विमा प्रत्येक मोटारीस सक्तीचा आहे. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून विलंब करू नये. आपलीही चूक ठरल्यास भरपाई त्या मानाने घटते. तरीही जबानी खरीच द्यावी.

मोटार पळून गेली व तिचा पत्ता लागला नाही, तर निराश होऊ नये. 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीस 50,000 व मृत्यूस 2 लाख रुपये आहेत. हाड मोडणे ही गंभीर दुखापतच होय. या अर्जाची चौकशी प्रांत वा तहसीलदार यांच्या दर्जाचा अधिकारी करतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

कचेरीत आयुष्य घालविल्यावर आम्हांस एकच गोष्ट पटली आहे: ज्याची नोंद नाही, तो हक्क खरा असूनही सिद्ध करता करता मनुष्य थकतो. शेताची नोंद आपण जपतो, तशीच शरीराच्या इजेचीही जपावी.